मुंगीरांग

सुंदररावांनी राजापुढचं प्यादं एकच घर सरकवलं, तेव्हा प्रणिताला त्यात काही वावगं वाटलं नाही. वडवणीचा माणूस, देशी खेळाची सवय. पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं टाकायला हात धजत नसेल. पण मग वजिरापुढचं प्यादं एक घर गेलं. मग घोड्यापुढचं. मग दुसऱ्या घोड्यापुढचं. तेव्हा मात्र ती आपल्या पटावरून उठली, पाणी प्यायला चालल्यासारखं दाखवलं आणि त्यांच्या टेबलामागं जाऊन उभी राहिली.

आठ-दहा चालींनंतर पटावर जे उभं राहिलं, ते तिला डोळे मिटून मांडता आलं असतं. तिसऱ्या ओळीत प्याद्यांची रांग. रांगेमागं दोन्ही उंट दोन खिंडींत दडलेले, घोडे राजा-वजिरापुढं अंग चोरून बसलेले. एकही सोंगटी अर्ध्या पटाच्या पलीकडं नाही. "मुंगीरांग," तिचे वडील, अप्पा म्हणायचे. "हत्तीला वाटतं, ह्या काय करत्यात? सोंडेत शिरल्यावर कळतं त्याला."

अप्पा जाऊन सव्वा महिना झाला होता. मुंगीरांग ज्या वहीत उतरवलेली होती ती त्यांची वही, त्यांना न्यायच्या दिवशीच दुकानाच्या खणातून नाहीशी झाली होती. प्रणितानं ती सगळीकडं शोधली होती. दोरखंडाच्या वेटोळ्यांत, जुन्या रद्दीत, धान्याच्या कणगीमागं सुद्धा. सुंदररावांना मात्र तिनं विचारलं नव्हतं. त्यांच्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातच आलं नव्हतं.

सुंदररावांनी मान वर केली. तिला पाहिलं. आणि लगेच खाली घातली. 'कवा आलीस' नाही, 'जेवलीस का' नाही.

वडवणीच्या पेठेत शिवलिंगअप्पांचं दोरखंडाचं दुकान. कासरे, दावी, नाडे, सुतळीचे गुंडे. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, आणि टोळ्या गेल्या की पार उन्हाळ्यापर्यंत माश्या मारायच्या. अप्पा माश्या न मारता बुद्धिबळ खेळत. समोर कायम सुंदरराव. ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. दुपारची माजलगाव गाडी हलवली की टोपी काखेत मारून दुकानात हजर. निवृत्त झाल्यावर तर सकाळपासूनच. तीस वर्षं दोघं त्या पटावर एकमेकांचा उद्धार करत बसले. "चाल बे, का मुहूर्त काढतो?" "थांब बे, तुझ्या घोड्याला नाल ठोकतो."

खेळ देशी. प्यादं एका वेळी एकच घर. राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी, तीही शह बसायच्या आत; एकदा शह बसला की उडी गेली. म्हणून त्या पेठेत शिकलेला माणूस राजाची उडी आधी उरकून घेतो, बाकीचं मग बघतो. "राजा घरात, मग गाव लुटा," हे अप्पांचं ब्रीद. पुढं स्पर्धांचे नियम आले. राजाची उडी गेली आणि तिच्या जागी किल्लेकोट आला. राजा दोन घरं सरकून कोपऱ्याकडं जातो आणि हत्ती त्याला ओलांडून अलीकडं येतो. अप्पांनी आणि सुंदररावांनी नियम बदलले. घाई तेवढी बदलली नाही.

वही निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. अप्पांनी बारा वर्षं तीत मुंगीरांग बसवली. अक्षर बहुतेक प्रणिताचं. अप्पा सांगत, ती लिही. बीडला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागल्यावरही शनिवारी गावी गेली की अप्पा आधी वही काढत, मग चहा सांगत. शेवटचं पान त्यांनी ह्या दिवाळीत सांगितलं.

त्याचं असं झालं. दिवाळीआधी पंधरा दिवस अप्पांना स्वतःच्याच मांडणीत एक भोक सापडलं. मुंगीरांगेत किल्लेकोट केला की राजाकडचा हत्ती जागचा उठतो. तो उठला की त्याच्यापुढच्या प्याद्याची राखण निम्मी होते. एकट्या उंटावर येते. समोरच्यानं जर आपला उंट आणि त्यामागं वजीर त्याच प्याद्यावर रोखून ठेवले असतील, तर उंट येतो, प्यादं खातो आणि राजाच्या घराची भिंत पाडतो. "भिंत पडली की काय," अप्पा म्हणाले, "कुत्रं बी आत शिरतंय." पंधरा दिवस ते गप्पगप्प होते. पाडव्याला त्यांना उत्तर सापडलं. ते प्रणितानं लिहून घेतलं, वही सुतळीनं बांधली, वर दुकानाची गाठ मारली. अप्पा डोळे मिचकावून म्हणाले, "सुंदऱ्याला ह्यातलं काही सांगू नको. ना भोक, ना बूच."

स्पर्धेचे फॉर्म तेव्हाच भरले होते. एक अप्पांचा, एक सुंदररावांचा, एक प्रणिताचा. भाऊबीजेनंतर नवव्या दिवशी अप्पा दुकानात बसल्या जागी लिंगैक्य झाले. प्रणिता स्पर्धेला आली ती फॉर्मवर आपलं नाव होतं म्हणून. आलेलं नाव खोडायचं कशाला, एवढाच विचार.

स्पर्धा जिल्ह्याची, बीडच्या एका मंगल कार्यालयात. शनिवारी तीन फेऱ्या, रविवारी तीन. एका मोटारसायकलवाल्या एजन्सीनं खर्च उचलला होता, म्हणून नवरा-नवरीच्या स्टेजवर एक लाल मोटारसायकल झेंडूचा हार घालून उभी होती. ती बक्षिसात नव्हती, नुसती बघायला होती. तिच्या शेजारी लग्नातल्या मखमली कोचावर पंच बसले होते. लोक दोघांकडंही सारख्याच आदरानं बघत.

प्रणिता टेबलामागं उभी होती त्या शनिवारच्या तिसऱ्या फेरीतच एक भानगड झाली. सुंदररावांनी किल्लेकोट करायला हात घातला तो आधी हत्तीला. समोरच्या अंबाजोगाईच्या वकिलानं लगेच हात वर केला. पंच कोचावरून उठून आले.

"काका, किल्लेकोट करताना आधी राजा उचलायचा. आधी हत्तीला हात लावला, तर हत्तीचीच चाल धरणार मी."

"अवो, दोघंबी माझेच हायत. कुणाला आधी धरलं तर काय बिघडतंय?"

"ह्या वेळी सोडतो. पुढच्या वेळी सोडणार नाही."

हॉलभर हशा पिकला. सुंदरराव किल्लेकोट करून मोकळे झाले आणि तासाभरात जिंकले. वकिलानं उंट कुठं त्या प्याद्यावर रोखलाच नव्हता, त्यामुळं भोक उघडं पडायचा प्रश्नच आला नाही. प्रणितानंही आपला डाव जिंकला. कसा, ते तिला नंतर आठवलं नाही.

संध्याकाळी तिनं एसटीडी बूथमधून दुकानावर फोन लावला. मीटरचे लाल आकडे पळत होते. फोन आईनं, मल्लम्मांनी घेतला.

"आई, त्या दिवशी खणाची किल्ली कुणाकडं होती?"

"माझ्या कमरेला. आता कावून विचारती?"

"कुणाला दिली होती का?"

"सुंदररावानं मागितलती. म्हणला, वैनी, विभूतीची डबी काढतो. दिली मग."

"विभूतीची डबी देवघरात असती, आई."

मग मल्लम्मा म्हणाल्या, "मला त्या दिवशी डबी सुचत व्हती का, माय?"

प्रणितानं संगमेश्वरला फोनवर बोलवायला सांगितलं. तो चुलतभाऊ. अप्पांना मुलगा नव्हता, म्हणून समाधीच्या खड्ड्यात तोच उतरला होता.

"संगमेश्वर, सुंदरकाका त्या दिवशी दुकानातून काही घेऊन निघाले होते का?"

"पेठ लोटलती, ताई. मी अप्पांच्या संगं व्हतो. काकांच्या काखंत कायतरी व्हतं बघ. टोपी असंल."

"टोपी डोक्यावर नव्हती?"

"ते... ध्यान न्हाई."

हे त्यानं इतक्या घाईनं सांगितलं की प्रणिताला पुढं विचारावंसं वाटेना. संगमेश्वर बुद्धिबळ शिकला तो सुंदररावांच्या ओट्यावर. गुरूला तो काय उघडं पाडणार.

त्या रात्री तिनं काही वाचलं नाही. पुस्तक उघडून बसली आणि एकेक गोष्ट नव्यानं आठवत गेली. अप्पांच्या मागं झालेल्या आराधनेच्या जेवणाला सुंदरराव आले होते, पण दुकानाच्या बाजूला फिरकले नव्हते. आपण वही शोधत होतो तेव्हा ते घराच्या ओट्यावर बसून होते. 'काय हुडकती' म्हणून विचारलं सुद्धा नव्हतं. ज्याला काय हरवलंय ते ठाऊक असतं, तोच विचारत नाही. लहानपणी ज्या माणसाच्या मांडीवर बसून आपण गोळ्या खाल्ल्या, त्याचा चेहरा आठवू गेलं तर आता नुसती काख आठवत होती, आणि काखेत काहीतरी निळं.

रविवारी सकाळी पेपरच्या जिल्हा पानावर बातमी होती. 'वडवणीच्या सुंदररावांची अफलातून नवी मांडणी.' प्याद्यांची भिंत उभारून तीनही फेऱ्या जिंकल्या. जिल्ह्याला नवा डाव मिळाला. विभागीय स्पर्धेत ह्या 'सुंदरराव डावा'कडं लक्ष लागणार, असं सगळं. अप्पांचं नाव कुठं नव्हतं. प्रणितानं पेपरची घडी घातली, परत उलगडली, परत वाचलं. मग साडी बदलली आणि रिक्षानं कार्यालयात गेली.

दुपारपर्यंत दोघांचे पाचपैकी साडेचार गुण झाले होते. शेवटच्या फेरीचा कागद लागला. पहिला पट: पांढरे सुंदरराव, काळे प्रणिता. जिंकेल तो विभागीयला जाणार.

कागद वाचून ती बाहेर आली. कार्यालयासमोरच्या हॉटेलाच्या बाकावर सुंदरराव बशीत चहा ओतत होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"काका, वही कुठंय?"

तोंडाशी नेलेली बशी तशीच खाली आली. "कोणची?"

"दोन होत्या का?"

सुंदररावांनी हॉटेलवाल्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बस."

"उभी बरी आहे."

"त्याच्यापाशी हाय."

"कुणापाशी?"

"शिवलिंगापाशी. अजून कुणापाशी?" त्यांचा आवाज खाली गेला. "तुमच्यात समाधीत बसवतेत माणसाला. स्वामींनी डाव्या हातात लिंग दिलं. उजवा मोकळाच व्हता. मला बघवंना, माय. तीस वरीस त्यो हात मी रिकामा बघितला न्हाई. मांडीवर वही ठिवली, वर त्याचा हात ठिवला. स्वामींना इचारून ठिवली."

"मग आईला विभूतीची डबी का सांगितली?"

"वही म्हणलो असतो तर दिली असती का तिनं? तू दिली असती का?"

"नसती दिली."

"मग!"

"वाचलीत तुम्ही ती."

"सुतळीची गाठ सुदिक सोडली न्हाई."

"मग मांडणी कशी येते?"

"कशी येती?" सुंदररावांचा स्टँडवरचा आवाज एकदम परत आला, बाकावरची दोन माणसं दचकली. "बारा वरीस ती मांडणी त्यानं कुणाच्या अंगावर घातली? भिताडाच्या? माझ्या अंगावर घातली! झोपंत बी मांडीन मी."

"आणि पेपरात?"

"त्या पोऱ्याला मी सांगितलतं, शिवलिंगअप्पाची हाय म्हणून. त्यो म्हणला, काका, गेलेल्या माणसाचं नाव खेळाच्या बातमीत कशाला?"

प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर जागच्या जागी बसत होतं. त्यामुळंच तिला ते पटेना. खरं बोलणारा माणूस कुठंतरी अडखळतो. शिवाय लपवायला जागा तरी कसली शोधली होती! तिथं जाऊन बघणार कोण? घरातल्या बायका उंबऱ्यापर्यंत गेल्या होत्या. समाधीपाशी त्यांच्यातली एकही नव्हती. विधी करणारे स्वामी पुढं लातूरकडं निघून गेले होते. राहिला संगमेश्वर, तो काकांचाच चेला. वर मातीखाली अप्पांच्या मांडीवर काय आहे, हे विचारायचं सुद्धा पाप.

"चला," ती म्हणाली. "घंटा झाली."

पटावर बसताना तिला सुचलं. मातीखाली बघता येत नाही, पण पटावर बघता येतं.

सुंदररावांनी वही वाचली असेल तर शेवटचं पान वाचलंच असणार. कुठलाही खेळणारा आधी शेवटचं पान उघडतो. आणि शेवटच्या पानावर काय होतं, ते जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक अप्पा, एक ती. तिनं फक्त आपला उंट आणि वजीर त्या प्याद्यावर रोखायचे. मग सुंदररावांपुढं दोन वाटा. वही वाचलेली नसेल, तर ते पेठेतल्या सवयीनं राजा घरात घालतील. वाचलेली असेल, तर अप्पांनी लिहिलेली चाल खेळतील, आणि त्या एका चालीत चोर उभा राहील. ओळखून मुद्दाम चुकायचं, तर त्यांना हरावं लागणार. आणि सुंदरराव हरायला राजी होणाऱ्यांतले नव्हते. अप्पांकडून डाव गेला की चपला दुकानात विसरून घरी जायचे.

त्यांनी राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं. घड्याळाचं बटण दाबलं.

रांग उभी राहत गेली. तिनं मधली घरं धरली, घोडे काढले. एका उंटाला दोन्ही मधल्या प्याद्यांच्या मागं असा ठेवला की त्याची तिरकी वाट थेट सुंदररावांच्या हत्तीपुढच्या प्याद्यापर्यंत मोकळी. एरवी ती विचार करताना पट बघायची. आज त्यांचे हात बघत होती. सुरकुतलेले, नखांशी तंबाखूचा पिवळा डाग. ह्याच हातांनी किल्ली घेतली. ह्याच हातांनी खण उघडला.

बाराव्या चालीला तिनं वजीर उंटामागं आणून ठेवला.

सुंदरराव थांबले. पट बघितला. तिच्याकडं बघितलं. परत पट. घड्याळ टकटक करत राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बातमी देणारा पेपरवाला येऊन उभा राहिला. पंचही कोचावरून उठून आले, हाराची सुकलेली पाकळी त्यांच्या खांद्यावर तशीच.

मग सुंदररावांचा हात उठला. उजवीकडं गेला, आणि घोड्याच्या प्याद्यावर येऊन थांबला.

तेच प्यादं. शेवटच्या पानावरचं. आता प्रणिताला ते नको होतं. दोन दिवस जे सिद्ध करायला ती धडपडत होती ते समोर, चार बोटांवर आलं होतं, आणि तिच्या मनात एवढंच होतं की त्यांनी त्या प्याद्याला हात लावू नये. काका, लावू नका. अप्पांचं एकच माणूस उरलंय.

हात तसाच तरंगत राहिला. मग मागं आला, राजा उचलला, दोन घरं उजवीकडं ठेवला. मग हत्ती. किल्लेकोट.

"राजा घरात," सुंदरराव स्वतःशीच पुटपुटले.

तिच्या उंटानं प्यादं खाल्लं. त्यांच्या उंटानं तिचा उंट खाल्ला. तिचा वजीर त्या जागी येऊन बसला, राजाच्या अगदी दाराशी. मागून घोडा आला. सुंदररावांनी एक घोडा राखणीला आणला. तिनं मधलं प्यादं पुढं टाकून त्यालाच हुसकायला सुरुवात केली. त्यानंतरच्या चाली दोघांनाही दिसत होत्या, तरी सुंदररावांनी त्यातल्या सहा खेळल्या. मग त्यांनी राजा आडवा केला आणि हात पुढं केला. त्यांचा हात थंड होता.

"लई मोठी झालीस," ते म्हणाले. "घसरलो कुठं मी?"

प्रणितानं त्यांच्या घोड्याच्या प्याद्याकडं बोट केलं.

"मगाशी तुमचा हात घोड्याच्या प्याद्यावर थांबला होता, काका."

"माझा?"

"तिथं. दहा मिनिटांनी उचललात आणि तिथं थांबवलात."

"अगं, त्यो हत्तीकडं चाललता!" सुंदररावांनी पंचांकडं हनुवटीनं दाखवलं. "मदीच आठवलं, ह्या बाबानं काल काय दम दिलता. आदी राजा. म्हणून थांबलो. न्हाईतर हत्तीलाच धरलं असतं की परत."

पंच हसले. हत्तीकडं जाणारा हात घोड्याच्या प्याद्यावरूनच जातो, हे खरं होतं. प्रणितानं ते मनात दोनदा मांडून पाहिलं.

"मग घसरलो कुठं?"

"किल्लेकोट करायचा नव्हता."

"करायचा न्हाई? मग राजा काय रस्त्यावर ठिवू?"

"अप्पांनी उत्तर काढलं होतं ह्याचं. शेवटच्या पानावर."

सुंदरराव पुढं वाकले. "काय काढलतं?"

त्यांचं ते वाकणं बघून तिचा हात आखडला. वही खरंच मातीखाली असेल, तर ही एक चाल आता फक्त तिच्याकडं होती. नसेल, तरीही विचारणारा माणूस असंच वाकून विचारेल. तिनं पटावरचा पडलेला राजा उभा केला. मग सोंगट्या मागं घेतल्या, बाराव्या चालीपर्यंत, आणि त्यांच्या बाजूचं घोड्याचं प्यादं बोटानं एक घर पुढं सरकवलं.

"एवढंच?"

"एवढंच. माझ्या उंटाची वाट बंद."

"आन राजा?"

"तिथंच."

"मधोमध? उघड्यावर?"

"उघड्यावर. खाली त्यांनी लिहायला लावलं होतं, राजाला घाई नाही."

सुंदररावांनी पट आपल्याकडं ओढला. ते एकेक घर बोटानं मोजत होते. उंट आला तर हे, घोडा आला तर ते. हॉलमधली टेबलं आवरायला लागली होती. कुणीतरी मोटारसायकलीचा हार काढला.

"हे कवा सापडलं त्याला?"

"पाडव्याला."

"भाऊबीजंला मी दिवसभर दुकानात व्हतो. चिवडा खाल्ला त्याच्या ताटातला. एक शबुद बोलला न्हाई."

"तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. तीस वर्षं ज्यानं आपल्यापासून काही लपवलं नाही असं वाटत होतं, त्यानंच लपवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं उघड दिसत होतं की प्रणितानं नजर दुसरीकडं नेली. कालपासून ह्या माणसाच्या ज्या चेहऱ्यावर ती चोर शोधत होती, त्यावर आता नुसता रुसवा होता.

"इथं दाखवणार होते," ती म्हणाली. "ह्याच स्पर्धेत. समोर तुम्ही बसल्यावर."

"इथं?"

"हो."

"म्हंजी मला गाठून मारणार व्हता! सगळ्या जिल्ह्यादेखत!" सुंदरराव हसायला लागले. "लबाड! आन मी येडा, ते हत्यार त्याच्याच हाताखाली ठिवून आलो. वर माती टाकली माझ्या हातानं!" ते इतके हसले की पेपरवाला लांबून बघायला लागला. मग हसू मध्येच अडकलं. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि बराच वेळ धरली. प्रणितानं सोंगट्या एकेक करून डबीत घातल्या. पांढऱ्या एका बाजूला, काळ्या एका बाजूला.

"मी ठिवायला नको व्हती का ती?" टोपीमागून प्रश्न आला.

त्या दिवशी कुणी 'वही ठेवू का' विचारलं असतं, तर ती नाहीच म्हणाली असती. आजही कदाचित.

"शेवटचं पान मला पाठ आहे," ती म्हणाली. "मधली बरीच नाहीत."

सुंदररावांनी टोपी खाली घेतली. डोळे पुसले. समोरचा डाव लिहायचा कागद उलटा केला, त्याची कोरी बाजू हातानं सपाट केली आणि पेन तिच्यापुढं धरलं.

"मधली हायत माझ्याकडं. माझ्याच अंगावर पडलेली. लिव." मग ते थबकले. "पयलं प्यादं कोणतं घ्यायचा त्यो? राजाचं का वजिराचं?"

प्रणितानं त्यांच्याकडं रोखून पाहिलं. तासाभरापूर्वीच त्यांनी स्वतः ते प्यादं सरकवलं होतं. हे खरंच विसरले, की तिला आठवतं का ते बघतायत, तिला कळेना. सुंदररावांचे डोळे अजून ओले होते आणि त्यांतून काहीच ओळखू येत नव्हतं.

"राजाचं," ती म्हणाली, आणि लिहायला लागली.